मुलांच्या किडन्या निकामी का होतात, आणि त्यातलं किती टाळता येतं

प्रश्न असा आहे: "मुलगा चार वर्षांचा आहे. छिंदवाड्याची खोकल्याच्या औषधाची बातमी वाचल्यापासून धास्तीच बसली आहे. एवढ्या लहान मुलांच्या किडन्या कशाने निकामी होतात? आपल्या हातात काही असतं का? दरवर्षी तपासणी करून घ्यावी का?"

आपल्या हातात बरंच असतं, पण त्यासाठी आधी एक फरक लक्षात घ्यावा लागेल. काही मुलांच्या किडन्या चार-दोन दिवसांत अचानक बंद पडतात. जुलाब, जंतुसंसर्ग, विषारी औषध, सर्पदंश ही त्याची कारणं, आणि वेळेत उपचार झाले तर यातली बहुतेक मुलं पुन्हा नीट होतात. दुसऱ्या प्रकारात किडनी वर्षानुवर्षं हळूहळू झिजते. तिथे कारण बहुधा जन्मापासूनचं असतं आणि गेलेला भाग परत येत नाही. पहिल्या प्रकारात तास मोजायचे असतात, दुसऱ्यात खुणा ओळखायच्या असतात. मोठ्या माणसांची किडनी जाते ती मुख्यतः मधुमेह आणि रक्तदाबाने. मुलांचं गणित वेगळं आहे, म्हणून "घरात कुणाला शुगर नाही, मग काळजी नाही" असं धरून चालू नका.

अचानक बंद पडणाऱ्या किडनीपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे अजूनही त्यात जुलाब-उलट्या हे एक नेहमीचं कारण आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. पहिले काही तास किडनी फक्त लघवी आटवून पाणी वाचवत असते. या टप्प्यावर पाणी-मीठ भरून दिलं की ती लगेच पूर्ववत होते. तसाच वेळ गेला तर किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी मरायला लागतात. एकदा त्या मेल्या की नुसतं सलाईन देऊन लघवी परत येत नाही. नव्या पेशी यायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तोवर काही मुलांना डायलिसिस लागतं.

त्यामुळे तापाच्या किंवा जुलाबाच्या मुलात थर्मामीटरइतकंच लघवीकडे लक्ष हवं. लहान मुलाला साधारण दर किलोमागे तासाला १ ते २ मिली लघवी होते. म्हणजे १० किलोच्या मुलाला दिवसभरात किमान पाव लिटर. ती दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलीच्या खाली सलग सहा तास राहिली, तर डॉक्टरांच्या व्याख्येनुसार किडनीला इजा सुरू झालेली असू शकते. घरी मोजायची सोपी रीत म्हणजे कोरडा डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, मग ओला तोलायचा. जितके ग्रॅम जास्त तितके मिली लघवी. शी मिसळली असेल तर हे माप फसतं, तेव्हा निदान किती वेळा ओला झाला ते लिहून ठेवा. तान्ह्या बाळाचा डायपर सहा तास कोरडा असेल, मोठ्या मुलाने जागेपणी आठ तासांत लघवी केली नसेल, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, दाखवायला न्या. बारा तास लघवी नाही म्हणजे जिथे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं तो घटक) आणि पोटॅशियम तिथल्या तिथे तपासता येतं अशा रुग्णालयात जायचं.

ओआरएसबद्दल सगळ्यांना माहीत असतं, आणि चुकाही तिथेच होतात. मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यासाठी असतं. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, ती चारएक ग्रॅमची. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं की ते द्रावण इतकं खारट होतं की बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक चढतं. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचायचं आणि तेवढं सगळं पाणी एकदाच मोजून त्यात पूर्ण पाकीट घालायचं. "थोडं आत्ता, थोडं नंतर" असं चिमटीने नाही. दुसरी चूक म्हणजे ओआरएसच्या नावाखाली मिळणारी गोड खोकी. त्यात साखर फार आणि मीठ कमी असतं, त्यामुळे जुलाब वाढतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी केली, तरी दुकानात काय हातात पडतं ते पाहूनच घ्या. लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल हे खरं सूत्र. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २००. डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं पडलंय, मूल चिडचिडं होऊन पाण्यासाठी हपापलंय, अशी अवस्था असेल तर चार तासांत दर किलोमागे ७५ मिली. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. हे देताना मूल डॉक्टरांच्या नजरेखाली असलेलं बरं. उलटी होतेय म्हणून पाजणं बंद करू नका. दहा मिनिटं थांबून पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असं सुरू करा. वाटीभर एकदम पाजलं की उलटून पडतं, चमच्याने दिलेलं बहुतेक पोटात राहतं. जोडीला झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपुढे रोज २० मिग्रॅ, त्याआधी १०. मूल सुस्तावलंय, पिऊच शकत नाही, हातपाय गार पडलेत, तर शिरेतून सलाईनच लागतं. तिथे चमचा-वाटी करण्यात वेळ घालवायचा नाही.

आता ज्या गोष्टीने साधे जुलाब किडनीवर बेततात ती सांगतो: ताप उतरवायला दिलेलं चुकीचं औषध. शरीरात पाणी कमी असताना किडनी स्वतःची रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या आधाराने उघडी ठेवत असते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही औषधं नेमकं तेच रसायन बंद करतात. धडधाकट, नीट पिणाऱ्या-खाणाऱ्या मुलाला एखादा डोस सहसा बाधत नाही. तीन दिवस जुलाब झालेल्या मुलाला दर सहा तासांनी दिलेलं मेफेनॅमिक मात्र किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठा तोडतं. आपल्याकडे हे औषध पॅरासिटामॉलबरोबर एकाच बाटलीत मिळतं आणि "याने ताप लवकर उतरतो" म्हणून घराघरात फ्रिजच्या दारात ठेवलेलं असतं. जुलाब, उलट्या, डेंग्यूचा संशय, लघवी कमी, यातलं काहीही असेल तर फक्त पॅरासिटामॉल, दर किलोमागे १५ मिग्रॅ, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या मुलाला १८० मिग्रॅ लागतं. ते ५ मिलीत १२० मिग्रॅच्या बाटलीतून साडेसात मिली होतं आणि ५ मिलीत २५० मिग्रॅच्या बाटलीतून साडेतीन मिलीच्या जरासं वर. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. जुन्या बाटलीचं माप नव्या बाटलीला लावलं की डोस दुप्पट.

छिंदवाड्याकडे येऊ. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात सर्दी-खोकल्याच्या साध्या आजारात औषध घेतलेल्या वीसहून अधिक मुलांचा किडन्या बंद पडून मृत्यू झाला. यातली अनेक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. तमिळनाडूत तयार झालेल्या कोल्ड्रिफ नावाच्या त्या औषधाच्या एका बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. असं पहिल्यांदा घडलेलं नाही. मुंबईत १९८६ साली जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२मध्ये गॅम्बियात भारतीय कंपनीची सिरप घेतलेली जवळपास ७० मुलं गेली, त्याच वर्षी इंडोनेशियात दोनशेच्या घरात.

हे विष औषधात येतं कसं? औषध विरघळवायला आणि सिरप गोड ठेवायला त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. औषधी दर्जाचं महाग, कारखान्यात वापरायचं स्वस्त. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच स्वच्छ, घट्टसर आणि चवीला गोड असतं, त्यामुळे वासाने, रंगाने, चवीने ते कुणालाच ओळखता येत नाही. आईला नाही, केमिस्टला नाही, डॉक्टरलाही नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं. कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप कारखान्यात उघडून तपासायचा असतो; ती पायरी गाळली की पुढची सगळी साखळी आंधळी असते. यात पालकांना दोष देणं अन्यायाचं आहे. शरीरात या ग्लायकॉलपासून डायग्लायकॉलिक अॅसिड तयार होतं आणि ते किडनीच्या नळ्यांच्या पेशी मारतं. क्रम साधारण ठरलेला: आधी उलट्या आणि पोटदुखी, मग एक ते तीन दिवसांत लघवी बंद, आणि त्यानंतर काही मुलांत चेहऱ्याचे स्नायू लुळे पडणं, गुंगी, बेशुद्धी. खोकल्याला औषध चालू होतं, खोकला तर कमी झाला, पण उलट्या सुरू होऊन लघवी थांबली, असं दिसलं की औषध ताबडतोब बंद करायचं आणि बाटली फेकायची नाही. तीच बाटली, लेबलवरच्या बॅच क्रमांकासह, रुग्णालयात न्यायची. लवकर पोचलेल्या मुलांत डायलिसिसने विष बाहेर काढता येतं. फोमेपिझोल नावाचा उतारा आहे, पण तो सुरुवातीलाच उपयोगी पडतो आणि सगळीकडे मिळत नाही.

विषारी बाटली ओळखता येत नसेल तर बाटलीच कमी उघडायची, एवढं मात्र आपल्या हातात आहे. मुलांचा बहुतेक खोकला विषाणूंचा असतो आणि आपोआप थांबतो. ही सिरप तो लवकर बरा करत नाहीत. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ला काढलेल्या सूचनेत दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत असं म्हटलं आहे. तुमचा मुलगा चार वर्षांचा, म्हणजे त्याला अशी बाटली लागण्याची वेळ फारच क्वचित यावी. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, झोपताना चमचाभर मध एवढ्यावर भागतं. मध एक वर्षाखाली मात्र अजिबात नाही. दम लागत असेल, छातीत घरघर असेल, तर तो खोकल्याच्या औषधाचा विषयच नाही, डॉक्टरांचा आहे.

अचानक किडनी बंद पाडणारी इतर कारणं थोडक्यात. कोकण-मुंबईत पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार: ताप, पिंढऱ्यांत दुखणं, डोळे लाल. यात गंमत अशी की सुरुवातीला लघवी भरपूर होऊनही क्रिएटिनिन चढलेलं असतं, त्यामुळे नुसत्या लघवीवर विसंबून चालत नाही. पुराच्या पाण्यातून मूल चालून आलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घोणस चावल्यावर रक्त गोठणं बिघडतं आणि किडनी जाते. प्रतिविषाचा डोस मुलाला मोठ्या माणसाइतकाच लागतो, वजनावर कमी करायचा नसतो, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. करकचून आवळणं, चिरा देणं यात वेळ जातो आणि इजाही होते. रक्ती आव झाल्यावर आठवड्याभरात मूल फिकट पडलं, लघवी कमी झाली, रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या तर हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचा, म्हणजे रक्तपेशी फुटून किडनी बंद पडण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. भारतातल्या शाळकरी मुलांत त्याचा एक प्रकार जुलाबाशिवायही होतो. त्यात शरीरच स्वतःच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर किडनी वाचते. कपाटातल्या डांबरगोळ्याही विसरू नका. जी-६-पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या मुलाने त्या चोखल्या, कधी तर त्यांच्यात ठेवलेले कपडे बाळाला तसेच घातले, तरी रक्तपेशी फुटतात आणि लघवी काळपट होते. मुलांना द्यायच्या गुट्या, भस्मं, "किडनी साफ" करणारे काढे यांबद्दल माझं मत सरळ आहे: घटक आणि प्रमाण लिहिलेलं नसेल तर देऊ नका. शिसं आणि पारा दोन्ही किडनीच्या नळ्यांना घातक आहेत.

त्वचेचा आणि किडनीचा संबंध बहुतेकांना माहीत नसतो. खरूज खाजवून त्यात पू झाला, तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा असेल, तर तीन ते सहा आठवड्यांनी किडनीला सूज येऊ शकते. घसा धरल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी. सकाळी उठल्यावर पापण्या आणि चेहरा सुजलेला, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची, रक्तदाब वाढलेला. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब न मोजल्यामुळे झटके आलेली मुलं दिसतात, म्हणून सुजलेल्या मुलाचा रक्तदाब पहिल्याच भेटीत, मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्याने मोजलाच पाहिजे. मोठ्यांचा पट्टा रक्तदाब खोटाच कमी दाखवतो. टाळायचं तर खरूज घरातल्या सगळ्यांची एकाच दिवशी: ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून खाली, बोटांच्या बेचक्यांसकट, रात्रभर, आणि आठवड्याने पुन्हा. एकट्या मुलाला लावलं तर पंधरा दिवसांत खरूज परत येते. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारून.

आता हळूहळू झिजणारी किडनी. यात सगळ्यात मोठा वाटा जन्मजात रचनेच्या दोषांचा आहे: किडनी लहान किंवा अर्धवट बनलेली, मूत्रमार्गात अडथळा, किंवा मूत्राशयातली लघवी उलटी वर चढणं. मुलग्यांत सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे मूत्रनलिकेतला पडदा, ज्याला डॉक्टर 'पीयूव्ही' म्हणतात. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांत एकाला तो असतो. पडद्यामुळे मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, लघवीचा दाब मागे किडन्यांवर येतो आणि जन्माच्या आधीपासून किडनी बिघडत जाते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या, मूत्राशय मोठं आणि जाड, गर्भजल कमी, असं लिहिलेलं असेल तर बाळंतपण अशा ठिकाणी ठरवा जिथे नवजात बालकांचा विभाग आणि बालशल्यचिकित्सक आहेत. जन्मानंतर लगेच मूत्राशयात नळी, रक्ताच्या तपासण्या, मग दुर्बिणीने पडदा जाळणं. एक बारकावा: जन्माच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली सोनोग्राफी अडथळा कमी दाखवते, कारण तेव्हा बाळाला लघवीच कमी होत असते. म्हणून साधी फुगलेली एक किडनी असेल तर तीन दिवसांनंतर सोनोग्राफी करायची. पीयूव्हीचा संशय, एकच किडनी, किंवा गर्भजल फार कमी असेल तर मात्र थांबायचं नाही.

सोनोग्राफीत काही दिसलं नसेल तरी मुलग्याची धार एकदा नीट पाहा. धार बारीक, थेंबथेंब, कुंथून येते, लघवी झाल्यावरही पोटाखाली गोळा हाताला लागतो, तर दाखवा. उलट, धार छान आहे म्हणून पीयूव्ही नाहीच असं नसतं. मूत्राशय जोर लावून धार चांगली काढू शकतं. पडदा जाळला म्हणजे काम संपलं, हा गैरसमज मुलांच्या किडन्या घालवतो. जाड झालेलं मूत्राशय पुढे वर्षानुवर्षं नीट रिकामं होत नाही, दिवसा-रात्री कपडे ओले होतात आणि दाब तसाच राहतो. वयाच्या पहिल्या वर्षातलं सगळ्यात कमी क्रिएटिनिन ०.८च्या आत आलं तर पुढचा अंदाज चांगला, १च्या वर राहिलं तर किडनी तज्ज्ञाकडे कायमची ये-जा.

लघवीचा जंतुसंसर्ग हे दुसरं टाळता येण्यासारखं कारण. दोन वर्षांखालच्या बाळाला ताप आहे आणि खोकला, सर्दी, जुलाब काहीच नाही, तर लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी झालं पाहिजे. एकदा औषध सुरू केलं की कल्चर कोरं येतं आणि निदान कायमचं हुकतं. चिकटवलेल्या पिशवीतला नमुना कल्चरला जवळजवळ निरुपयोगी असतो, त्यात कातडीवरचे जंतू उगवतात. बाळाला धुऊन, पुसून, धार सुरू झाल्यावर मधली लघवी थेट निर्जंतुक डबीत झेलायची, किंवा दवाखान्यात नळीने घ्यायची. उपचाराला दोन-तीन दिवसांहून उशीर झाला की किडनीवर व्रण राहण्याची शक्यता वाढते. पहिल्या सिद्ध झालेल्या संसर्गानंतर सोनोग्राफी करावीच. वारंवार संसर्ग होणाऱ्या मोठ्या मुलींत मात्र मूळ बहुधा बद्धकोष्ठतेत आणि लघवी रोखण्यात सापडतं. शाळेचं संडास घाण म्हणून मुली सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत पाणीच पीत नाहीत आणि लघवीला जात नाहीत. दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणं, पाय टेकवून बसणं आणि रोज मऊ शी होणं यांनी जो फरक पडतो तो नुसत्या अँटिबायोटिकच्या कोर्सने पडत नाही. मुलग्यांची शिश्नाची कातडी आंघोळीत जबरदस्तीने मागे ओढू नका. फाटून व्रण होतो आणि नवा अडथळा तयार होतो.

अंगभर सूज आणि लघवीत प्रथिनं, म्हणजे नेफ्रोटिक सिंड्रोम, याची भीती सगळ्यांना वाटते, पण स्टेरॉइडने बरी होणारी मुलं, आणि तीच बहुसंख्य असतात, सहसा किडनी गमावत नाहीत. धोका आहे तो स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या प्रकारात. म्हणून पहिल्या वेळेचा डोस पूर्ण द्यायचा: दर किलोमागे रोज २ मिग्रॅ प्रेडनिसोलोन सहा आठवडे, मग दीड मिग्रॅ एक दिवसाआड आणखी सहा. "सूज उतरली, मूल फुगायला लागलं" म्हणून दहाव्या दिवशी औषध बंद केलं तर मूल स्टेरॉइडला दाद देतं की नाही हेच कळत नाही आणि पुढची सगळी वाट चुकते. घरी रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिनं तपासायची पट्टी बुडवून निकाल वहीत लिहा.

आता सगळ्यात जास्त हुकणारी गोष्ट: रिपोर्ट वाचणं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मुलाला स्नायू कमी, म्हणून त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं; तीन-चार वर्षांच्या मुलात ०.३ ते ०.५. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, १.२ किंवा १.३. तीन वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन १.० आलं तर कागदावर ते ठळक होत नाही, लाल होत नाही, आणि "नॉर्मल आहे" असं सांगून मूल घरी जातं. प्रत्यक्षात हिशेब असा: मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला ०.४१३ने गुणा आणि क्रिएटिनिनने भागा. ९५ सेंमी उंचीच्या मुलात ०.४ क्रिएटिनिन असेल तर उत्तर ९८, म्हणजे किडनी उत्तम. त्याच मुलात १.० असेल तर उत्तर ३९, म्हणजे निम्म्याहून जास्त काम गेलं. दोन वर्षांपुढच्या मुलात हा आकडा ९०च्या वर असायला हवा. हा हिशेब स्थिर प्रकृतीच्या मुलासाठी आहे. क्रिएटिनिन रोज चढत असेल तेव्हा किडनी सूत्राने दाखवलेल्यापेक्षाही वाईट असते. मुलाचा कुठलाही रिपोर्ट हातात आला तर त्यावर पेनाने उंची लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

असा रिपोर्ट मागायला कधी हवा? मूल वाढत नाही, शर्ट दोन वर्षं तोच बसतो. लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही फिकेपणा जात नाही. रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितं आणि अंथरूण ओलं करतं. पाय वाकलेत आणि ड जीवनसत्त्व देऊनही सुधारत नाहीत. या शेवटच्या मुलांवर विशेष अन्याय होतो. किडनीमुळे झालेल्या मुडदूसाला ड जीवनसत्त्वाचे मोठमोठे डोस पुन्हा पुन्हा दिले जातात, क्रिएटिनिन मात्र कुणी करत नाही. त्याची उलट बाजूही आहे: ६०,००० युनिटची बाटली किंवा पुडी आठवड्याला एक द्यायची ती रोज दिली, किंवा बाळाच्या रोजच्या ४०० युनिटच्या थेंबांऐवजी तीच पाजली, की रक्तात कॅल्शियम चढतं, बाळ सुकतं, ओकतं आणि किडनीत कॅल्शियम साचतं. मेडिकलमधून बाटली घेताना युनिट किती आणि किती दिवसांनी, हे चिठ्ठीशी ताडून पाहा.

लघवी कमी झाली की घरात हमखास दोन गोष्टी होतात, आणि किडनी खरोखर बंद पडलेली असेल तर दोन्ही घातक आहेत. एक, "पाणी पाज म्हणजे लघवी येईल". मूल कोरडं पडलं असेल तोवर हे बरोबर आहे. पण डोळ्यांभोवती सूज आहे, वजन वाढतंय, धाप लागतेय आणि लघवी नाही, तर जास्तीचं पाणी फुप्फुसात जातं. रुग्णालयात अशा मुलाला आदल्या दिवशीच्या लघवीइतकं अधिक घाम-श्वासातून जाणारं थोडं, एवढंच मोजून पाणी देतात. दुसरी गोष्ट शहाळ्याचं पाणी आणि फळांचा रस. त्यात पोटॅशियम भरपूर. बंद किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि पोटॅशियम साडेसहाच्या वर गेलं की हृदय अचानक थांबू शकतं. किडनीचा आजार कळल्यावर शहाळं, केळं, मोसंबीचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कमी सोडियमचं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं.

डायलिसिसची वेळ आली तरी घाबरून दुसऱ्या गावी पळापळ करण्यात दिवस घालवू नका. लहान मुलात पोटात नळी घालून करायचं डायलिसिस मोठ्या यंत्राशिवाय होतं आणि तान्ह्या बाळातही करता येतं. अचानक बंद पडलेल्या किडनीत ते काही दिवसांचं असतं. "एकदा सुरू केलं की कायमचं" हे इथे लागू नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. दाखल होतानाच रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा, नंतर नाही.

राहिला दरवर्षीच्या तपासणीचा प्रश्न. तुमचा मुलगा नीट वाढत असेल, धार चांगली असेल, कधी सूज किंवा लघवीचा संसर्ग झाला नसेल, तर दरवर्षी रक्त काढायची गरज नाही. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञाकडे उंची, वजन आणि रक्तदाब एवढं पुरतं. वर्षातून एकदा लघवी, रक्तदाब आणि क्रिएटिनिन तिन्ही ज्यांचं झालंच पाहिजे अशी मुलं वेगळी आहेत: वेळेआधी किंवा फार कमी वजनाची जन्मलेली (किडनीचे घटक गर्भात छत्तीसाव्या आठवड्यापर्यंतच बनतात, नंतर नवे येत नाहीत), एकाच किडनीची, पाठीच्या मणक्यात जन्मजात दोष असलेली, घरात कुणाची किडनी तरुणपणी गेलेली, आणि एकदा किडनी बंद पडून बरी झालेली. या शेवटच्या गटाची पहिली तपासणी तीन महिन्यांनी करायची. डिस्चार्जच्या कागदावर ती तारीख नसेल तर मागून लिहून घ्या.